खानदेशातील वृक्षारोही व त्यांचा दोर

जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाविषयी असून तो १८८० साली प्रसिद्ध झाला. त्याची प्रकरणरचना इलाख्यातील इतर जिल्ह्यांच्या खंडांसारखीच आहे. झाडे येतात ती 'उत्पन्न' या प्रकरणात, खनिजे व जनावरे यांच्या पंक्तीला. माणसे 'लोकसंख्या' या प्रकरणात जातवार मांडली जातात. झाडांपासून सरकारच्या पदरी पडणारा पैसा आणखी पुढे, महसुलाच्या प्रकरणात येतो. या मांडणीत सोय आहे, आणि ती ज्या प्रयोजनासाठी केली त्याला ती पुरेशीही होती. परंतु झाडावर चढलेल्या माणसाला तिच्यात स्वतंत्र जागा उरत नाही. तो ज्या दोराच्या आधाराने वर टिकला, त्याला तर मुळीच नाही. खानदेशच्या अर्वाचीन आर्थिक इतिहासाचे बहुतेक लेखन याच साधनांवर उभे असल्यामुळे ही उणीव त्या लेखनातही उतरली आहे. झाडावरचा मनुष्य दप्तरात केव्हा दिसतो, केव्हा दिसत नाही, आणि त्याच्या जिवाच्या रक्षणाचे साधन राज्यकर्त्यांच्या कायद्यात कोणत्या नावाने नोंदले गेले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

प्रदेशाची मर्यादा प्रथम सांगणे अवश्य आहे. १८१८ साली इंग्रजी अमलाखाली आलेल्या खानदेशाचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या सुमारास त्यांना अनुक्रमे जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. तापीच्या दोन्ही काठांची काळी सपाटी, उत्तरेस सातपुडा, आणि पश्चिमेस सह्याद्रीची उतरण असे या भूभागाचे स्वरूप आहे. सपाटीवर शेतकरी कुणबी, गुजर, लेवा पाटीदार इत्यादींची दाट वस्ती. डोंगरात भिल्ल, पावरा, तडवी, मावची, कोकणा. झाडावर चढण्याचे कारण या दोन भागांत एकसारखे नव्हते, आणि दोरही एकसारखा नव्हता.

सपाटीवर चढणे हे बहुधा हंगामापुरते असे. चिंचा झोडपावयाच्या, आंबे उतरावयाचे, लिंबाचा किंवा बाभळीचा पाला शेळ्यांसाठी तोडावयाचा. आंब्याला तर लांब काठीला जाळी बांधलेला झेला असल्याने पुष्कळसे काम खालूनच भागे. डोंगरात गोष्ट निराळी. तेथे चारोळीसाठी, हिरड्यासाठी, आग्या मोहोळाच्या मधासाठी आणि जनावरांच्या चाऱ्यासाठी उंच झाडावर जाणे हा उपजीविकेचाच भाग होता. मोहाच्या बाबतीत मात्र निसर्गानेच कृपा केली आहे. मोहाची फुले पहाटे आपोआप गळतात व बायकापोरे ती खाली वेचतात. मोहावरून या इलाख्यात जेवढे कायदे झाले आणि जेवढा कागद खर्ची पडला, तेवढा दुसऱ्या कोणत्या रानझाडावरून क्वचितच पडला असेल. पण त्यासाठी कोणाला झाडावर चढावे लागले नाही.

खानदेशच्या रानाचे वैशिष्ट्य म्हणजे अंजन. सातपुड्याच्या कोरड्या, मुरमाड उतारावर हे झाड सरळ सोट वाढते. त्याचे लाकूड भारतातील अत्यंत जड लाकडांपैकी एक आहे आणि दोन दोन दलांची त्याची पाने गुरे आवडीने खातात. उन्हाळ्यात गवत संपल्यावर अंजनाच्या फांद्या छाटून गुरांपुढे टाकणे हा येथील जुना परिपाठ होय. दुष्काळात तर तो जीवनमरणाचा प्रश्न होई. संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा 'छप्पन्न्याचा' दुष्काळ खानदेशास फार जाचक झाला. अशा वर्षी पाल्याची गरज सर्वांत मोठी आणि झाड सर्वांत वाळलेले असते. वाळलेली फांदी वाकत नाही, ती एकदम कडाडते. चढणाऱ्याच्या अंगातही त्या वर्षी पुरेसे बळ नसते. दुष्काळाचा इतिहास लिहिताना धान्याचे भाव, दुष्काळी कामांवरील मजूर आणि पटकीचे बळी यांचा हिशेब केला जातो. चाऱ्यासाठी झाडावर गेलेल्यांचा हिशेब त्यात येत नाही.

या अंजनाचा दुसरा गुण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्याच्या सालीपासून बळकट तंतू निघतो व त्याचे दोर होतात. जॉर्ज वॉट यांच्या १८८९ ते १८९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या हिंदुस्थानातील आर्थिक उपयोगाच्या पदार्थांच्या कोशात हा उपयोग नोंदलेला आहे. आपटा, मुरुडशेंग, धामण यांच्या सालीचे आणि पळसाच्या मुळांच्या सालीचेही दोर होत. म्हणजे डोंगरातील माणूस ज्या रानात चढे, त्याच रानातून आपला दोर काढी. पावसाळ्यात किंवा त्यानंतर ओलसर साल सोलून, तिचा आतला थर वेगळा करून, कुजवून वा ठेचून तंतू मोकळा करावयाचा आणि मांडीवर किंवा दोघांनी मिळून पीळ देत वळावयाचा, अशी ही क्रिया. सालीच्या तंतूचा गुण आणि त्याचे वय ही दोन्ही वळणाऱ्यालाच ठाऊक असत, कारण साल काढणारा, दोर वळणारा आणि त्याला लोंबकळणारा हे बहुधा एकाच घरचे असत.

सपाटीवरील दोराचा मार्ग वेगळा होता. तेथे अंबाडी, ताग व घायपात यांचा वाख आणि तो वळणारे मांग हे गावगाड्याचे अंग होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गांव-गाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचे व हक्कांचे जे चित्र आहे, त्यात दोरखंडे पुरविणाऱ्या मांगाचे स्थान स्पष्ट दिसते. मोटेचा नाडा, सोंदूर, बैलांचे कासरे, दावी, चऱ्हाटे ही सर्व त्याच्याकडून येत. शेतकऱ्याच्या दृष्टीने दोर म्हणजे मुख्यतः विहीर आणि बैल. झाडावर चढताना जो दोर कमरेला लागे तो याच साठ्यातला, म्हणजे दुसऱ्या कामासाठी वळलेला आणि पुष्कळदा त्या कामात झिजलेला असे. जुना नाडा मोटेला चालत नाही म्हणून काढून ठेवावयाचा आणि चिंचेवर जाताना तोच घ्यावयाचा, ही काटकसर खेड्यात अगदी स्वाभाविक होती. पाण्याने सतत भिजून वाळणारा वाखाचा दोर बाहेरून धड दिसतो आणि आतून कुजतो. पीळ उकलून पेडांच्या मध्ये पाहिल्याशिवाय ते कळत नाही. ज्याने दोर वळला तो झाडाखाली नसे, आणि जो झाडावर जाई त्याला पीळ उकलून पाहण्याची सवय नसे. समाजाच्या उतरंडीत मांगाला जी जागा दिली होती, तिच्यामुळे त्याचे या बाबतीतील ज्ञान विचारण्याची रीतही पडली नाही. गावगाड्याने श्रमाची वाटणी केली, तिच्याबरोबर माहितीचीही वाटणी झाली, असे येथे म्हणावे लागते.

दोर माणसाला नेमका कसा वाचवितो, हे समजून घेतल्याशिवाय या दोन परंपरांतील भेद ध्यानात येणार नाही. आज दोर म्हटला की पडणाऱ्याला वरच्यावर झेलणारा दोर डोळ्यांपुढे येतो. ती कल्पना अलीकडची आहे. १९३५ साली नायलॉनचा शोध लागला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर गिर्यारोहणात त्याचे दोर आले. ताणले जाऊन धक्का शोषणारा दोर त्यापूर्वी नव्हताच. सालीचा किंवा वाखाचा दोर फारसा ताणला जात नाही. दोन मीटर पडलेला मनुष्य दहा सेंटीमीटरांत थांबला, तर त्याच्यावर येणारे सरासरी बल त्याच्या वजनाच्या वीसपटीहून अधिक भरते. इतका हिसका बसला तर दोर तरी तुटेल किंवा कंबर तरी. तेव्हा जुन्या दोराचे काम पडलेल्याला धरणे हे नव्हते. पडू न देणे एवढेच त्याचे काम होते, आणि ते तो ताठ असेपर्यंतच करू शके.

ताड, शिंदी यांसारख्या बिनफांदीच्या झाडावर हे स्पष्ट दिसते. कमरेमागून खोडाला वेढणारा दोराचा फास आणि पायांना जोडून ठेवणारा आखूड बंद ही या कामाची साधने. चढणारा मागे रेलतो तेव्हा कमरेचा फास ताणला जातो, तळवे खोडावर दाबले जातात आणि घर्षणाने दोन्ही जागच्या जागी राहतात. फास वर सरकवावयाचा तर क्षणभर पुढे झुकून तो सैल करावा लागतो. त्या क्षणी सर्व भार पायांच्या बंदावर असतो. म्हणजे एका वेळी दोहोंपैकी एकच सैल, ही येथील खरी शिस्त. खोडाला चिकटून, झाडाला मिठी मारून राहणारा नवखा मनुष्य स्वतःला सुरक्षित समजतो, पण फास सैल पडलेला असल्याने धोक्यात तोच असतो. मागे रेलण्याचे धैर्य शिकवावे लागते. ते कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नसून बापाकडून मुलाकडे जाते.

फांद्यांच्या झाडावर दोराचा दुसरा उपयोग होतो. फांदीभोवती वेढे देऊन भार खाली सोडावयाचा असतो. येथे अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने मांडलेला नियम अनुभवाने पाळला जातो. घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने धरणाऱ्याचे बळ सुमारे साडेसहापट होते आणि दोन वेढ्यांनी सुमारे त्रेचाळीसपट. फांदीला दोन वेढे घालून एक पोरगा जड ओंडका उतरवू शकतो तो यामुळेच. गाठींविषयीही मराठीने एक भेद जपला आहे, तो केवळ वाक्प्रचारापुरता नाही. निरगाठ ती ओढल्याने घट्ट बसणारी, आणि सुरगाठ ती एका टोकाच्या हिसक्याने सुटणारी. कमरेला निरगाठ आणि भाऱ्याला सुरगाठ हवी; उलट झाले तर काय होते हे सांगावयास नको. झाडावर चढण्यासाठी आज जगभर वापरली जाणारी, ताण आला की आवळणारी व सैल केली की सरकणारी गाठ कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ साली प्रसिद्धीस आणली. तिच्यामागील तत्त्व वेढ्यांच्या घर्षणाचेच आहे.

सर्वांत अवघड चढण मधाची. आग्या माशीचे पोळे उंच फांदीच्या खालच्या अंगास, उघड्यावर, कधीकधी हातभराहून अधिक रुंद असे लोंबते. वड, पिंपळ, काटेसावर यांसारख्या एकाच प्रचंड झाडावर अशी अनेक पोळी असू शकतात. दिवसा या माशा झुंडीने हल्ला करतात. म्हणून मध काढणारे सामान्यतः अंधाऱ्या रात्रीची निवड करतात आणि धुराच्या चुडीने माशा उठवितात. म्हणजे डोळ्यांचे साहाय्य नाही, हातात धुमसता जाळ, अंगावर दंश, आणि आधार तो सालीच्या दोराचा. त्या जाळाची ठिणगी दोरावर पडू न देणे हे माशांपासून वाचण्याइतकेच महत्त्वाचे असते. मधाचे भांडे उतरविण्याचा दोर आणि स्वतःचा दोर हे वेगळे ठेवावे लागतात. अंधारात दोन्ही हातांना सारखेच लागले तर अनर्थ होतो. खाली उभा राहणारा सोबती येथे मदतनीस नसून अर्धा चढणाराच असतो. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेने या माशीच्या अभ्यासाकडेही लक्ष दिले. खानदेशच्या इतिहासकारांनी मात्र मध हा शब्द 'रानातील किरकोळ उत्पन्न' या शीर्षकापलीकडे नेलेला नाही.

आता कायद्याकडे वळू. १८७८ हे वर्ष या विषयात दोनदा महत्त्वाचे ठरते. त्याच वर्षी मुंबईचा अबकारी कायदा झाला आणि त्याच वर्षी हिंदुस्थानचा जंगल कायदाही झाला. पहिल्याने झाडावरचा माणूस सरकारला दिसू लागला. दुसऱ्याने त्याचा दोर सरकारला दिसला, पण गुन्हा म्हणून.

अबकारी कायद्याने ताडी देणारे झाड परवान्याशिवाय छेदण्यास मनाई झाली. झाडावर कर बसला. कर बसला म्हणजे झाडांची मोजणी आली, त्यांवर खुणा आल्या, आणि अमुक झाडे अमुक ठेकेदाराची अशी नोंद आली. शिंदीचे झाड स्वतःच एक प्रकारचे दप्तर असते. रस काढण्यासाठी त्याच्या गळ्याशी एका वर्षी एका बाजूस छेद घेतात, पुढल्या हंगामात विरुद्ध बाजूस. झाड वाढत जाते तसे खोडावर नागमोडी खाचांची रांग उमटते. बंगालमधील जेसोर जिल्ह्याविषयी जेम्स वेस्टलंड यांनी १८७१ मध्ये लिहिलेल्या अहवालात या खाचा मोजून व त्यांत पहिल्या छेदापूर्वीची सहासात वर्षे मिळवून झाडाचे वय काढता येते असे नमूद केले आहे. खानदेशातील नाल्याकाठच्या जुन्या शिंदीच्या खोडावरही ही मोजणी करता येईल. मात्र वर्षांचा हा लेख चढणाऱ्याच्या दृष्टीने निराळा अर्थ सांगतो. प्रत्येक खाचेपाशी खोड बारीक होते, कमरेच्या फासाचा घेर बदलतो, आणि जितकी झाडाची मिळकत जुनी तितकी त्याच्यावरची चढण अधिक उंच व वेडीवाकडी होत जाते. सरकारी करात मात्र झाड हे झाडच राहिले.

तरीही अबकारीमुळे एक गोष्ट घडली. ताडी काढणाऱ्याला मालक मिळाला. १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात धोक्याचे म्हणून जे उद्योग मोजले गेले, त्यांत ताडाची झाडे छेदण्याच्या आणि झाडे तोडण्याच्या कामाला स्थान मिळाले. अपघात झाल्यास भरपाई कोणाकडे मागावयाची याचे उत्तर निदान कागदावर असावे, एवढे येथे साधले. मध काढणाऱ्या पावऱ्याला किंवा चारोळी झोडपणाऱ्या तडव्याला मालक नव्हता. तो व्यापाऱ्याला माल विके. व्यापारी त्याला मजुरी देत नसे, मालाची किंमत देई. म्हणून तो पडला तर तो कोणाचाच कामगार नव्हता. या भेदाचे मूळ धोक्याच्या प्रमाणात नाही. ज्या झाडातून राज्याला पैसा मिळत होता, त्या झाडावरील मनुष्यालाच कायद्यात नाव मिळाले.

जंगल कायद्याची दृष्टी याहून वेगळी होती. १८७८ च्या कायद्यात राखीव जंगलातील झाड तोडणे, त्याच्या फांद्या छाटणे, त्याची साल किंवा पाने काढणे हे अपराध ठरले. १९२७ च्या कायद्याच्या २६ व्या कलमात ही तरतूद कायम राहिली, आणि 'वनोत्पन्न' या शब्दाच्या व्याख्येत साल, मोहाची फुले, मध, मेण ही सर्व नावानिशी आली. अंजनाच्या पाल्यासाठी फांदी छाटणे आणि अंजनाच्या सालीचा दोर वळणे या दोन्ही गोष्टी एकाच कलमात सापडल्या. साल सोलल्याने झाड मरते, ही वनखात्याची भीती खोटी नव्हती. खोडाभोवती पूर्ण वर्तुळात साल काढली तर झाड निश्चित मरते. परंतु फांदीची साल आणि खोडाची साल यांत दोर वळणारा जो भेद करी, तो कलमात नव्हता. सवलती, रिवाज व नाक्यावरच्या रखवालदाराची मर्जी यांमुळे प्रत्यक्षात पुष्कळ चालून जाई हे मान्य केले पाहिजे. कायद्याचा मजकूर आणि रानातील व्यवहार यांना एक समजण्याची चूक अभ्यासकाने करू नये. तथापि मर्जीवर चालणाऱ्या व्यवहाराचा एक परिणाम असतो. जे साधन लपवून आणावे लागते, ते वारंवार बदलता येत नाही. सालीच्या दोराची सुरक्षितता मात्र तो वेळेवर टाकून नवा वळण्यातच होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात प्लॅस्टिकचे दोर आले आणि सालीच्या दोराची गरज पुष्कळ कमी झाली. हे दोर स्वस्त, हलके व न कुजणारे असल्याने त्यांचे स्वागत झाले ते योग्यच होते. पण पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते, उन्हाने ठिसूळ होते आणि त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागामुळे जुन्या गाठी त्यात सरकतात. मधाच्या चुडीजवळ किंवा फांदीवर घासत भार उतरविताना हे तिन्ही दोष एकदम पुढे येतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही ही म्हण ज्या दोरावरून निघाली, त्याचा हा वारस नव्हे. हा जळण्यापूर्वीच विरघळतो. सालीच्या दोराविषयी पिढ्यान् पिढ्या साठलेले ज्ञान नव्या दोराला लागू पडत नव्हते, आणि नव्या दोराचे ज्ञान देणारे कोणी रानात गेले नव्हते. गिर्यारोहणाचा नायलॉन दोर त्याच काळात जगभर पोहोचला. सातपुड्यात जो पोहोचला तो गाठोडी बांधण्याचा.

झाडावरून पडलेल्यांची नोंद कोठे शोधावयाची? १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने गावात आकस्मिक किंवा अनैसर्गिक मृत्यू झाल्यास पंच जमवून चौकशी करण्याचे काम पोलीस पाटलाकडे सोपविले. मरणोत्तर पंचनाम्यात प्रेताची स्थिती, जखमा, आसपासच्या वस्तू यांचे वर्णन करण्याची रीत असल्यामुळे, तुटलेला दोर किंवा मोडलेली फांदी कागदावर येण्याचा संभव तेवढाच. मात्र पंचनाम्याचे प्रयोजन घातपाताचा संशय दूर करणे हे असते. तो दूर झाला की दोराच्या जातीविषयी कोणी विचारीत नाही. शिवाय जे मरत नाहीत ते या दप्तरात येतच नाहीत. उंचावरून पडण्यात पाठीच्या कण्याची इजा वारंवार होते आणि कमरेखाली लुळा झालेला मनुष्य वर्षानुवर्षे जगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली मान्य केलेल्या रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत झाडावरून पडणे याला वेगळा क्रमांक दिला गेला. त्यापूर्वीच्या दवाखान्यांच्या वहीत असा मनुष्य 'पडला' एवढ्यावरच थांबतो. छपरावरून, विहिरीत की झाडावरून हे त्यात कळेलच असे नाही.

दारूबंदीने ताडीच्या झाडांचा इतिहास पुन्हा वळविला. मुंबईच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याने ताडी छेदण्याचा जुना व्यवहार मोडला आणि नीरेसाठी नवे परवाने निर्माण केले. बंदी असताना जो चोरून छेद घेतो तो पहाटे अंधारात, घाईने आणि एकटा चढतो. खाली उभ्या राहणाऱ्या सोबत्याची परंपरा ज्या धंद्यात सर्वांत जास्त हवी, तेथेच ती गैरसोयीची झाली. या बाजूचा विचार दारूबंदीच्या समर्थकांनीही केला नाही व विरोधकांनीही नाही.

भारतात इतरत्र हा प्रश्न राज्याच्या विषयपत्रिकेवर आला तो झाडावर चढणारे कमी पडू लागले तेव्हा. नारळ विकास मंडळाने २०११ साली तरुणांना यंत्राच्या साहाय्याने माडावर चढण्याचे शिक्षण देण्याची योजना सुरू केली आणि तिच्याबरोबर विमाही आला. तेलंगणात २०२४ साली ताडी काढणाऱ्या गौड समाजासाठी दोर, पट्टे यांचा सुरक्षा संच वाटण्यास प्रारंभ झाला. संचाला त्या समाजाच्या काटमय्या या देवतेचे नाव देण्यात आले. दोन्ही ठिकाणी झाड बागायती किंवा महसुली आहे आणि चढणाऱ्याचा धंदा ओळखीचा आहे. १९२३ च्या परिशिष्टातील भेद शंभर वर्षांनंतरही बहुतांशी त्याच रेषेवर चालत आला, असे यावरून दिसते.

रानाच्या बाबतीत मोठा बदल झाला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. गौण वनोत्पन्न गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क त्याने मान्य केला. व्याख्येत मध, मेण, लाख, टेंभुर्णीची पाने, औषधी वनस्पती, मुळे, कंद ही नावे आहेत. साल नावाने नाही, ती 'इत्यादी'त शोधावी लागते. २०१३-१४ मध्ये केंद्र सरकारने गौण वनोत्पन्नासाठी किमान आधारभूत किमतीची योजना आणली, तेव्हा पहिल्या यादीत रानमध, चारोळी, हिरडा व चिंच यांचा समावेश होता. या चारही वस्तूंसाठी झाडावर चढावे लागते. किमतीच्या हिशेबात चढण्याच्या धोक्याचे वेगळे सदर नव्हते. यावलच्या व अनेरच्या अभयारण्यांत १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे निर्बंध आणखी वेगळे, त्यामुळे एकाच डोंगराच्या दोन उतारांवर एकाच दोराचा कायदेशीर अर्थ निराळा होऊ शकतो.

या कायद्याच्या नियमांनी पुराव्याविषयी जी वाट मोकळी केली, ती इतिहासाच्या अभ्यासकांस विशेष उपयोगी आहे. सरकारी कागदपत्रांबरोबरच दावेदारांव्यतिरिक्त गावातील वृद्धांचे, लिहून घेतलेले निवेदन हाही पुरावा मानला गेला आहे. वि. का. राजवाडे यांनी आयुष्याचा अखेरचा काळ धुळ्यात घालविला आणि त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. देवघरांतून व माळ्यांवरून रुमाल जमविण्याची त्यांची पद्धत लिहिणाऱ्या घरांपुरती यशस्वी झाली. पावऱ्यांच्या पाड्यांत रुमाल नव्हते. सामूहिक हक्कांच्या दाव्यांसोबत ग्रामसभांनी जोडलेली निवेदने उपविभागीय व जिल्हा समित्यांच्या दप्तरांत जातात. कोणत्या रानात, कोणत्या ऋतूत, काय गोळा करीत आलो हे त्यांत सांगावे लागते. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर या तालुक्यांतील अशी निवेदने वाचताना मध किंवा चारोळी हा शब्द आला म्हणजे तेथे थांबून दोर कशाचा होता, तो कोणी वळला आणि खाली कोण उभे होते, हे सांगणाऱ्याच्या घरी जाऊन विचारता येईल. अंजनाची साल स्वतः सोलून दोर वळलेली माणसे आता वृद्ध आहेत.